भिंतीतली पाच वर्षं

सान रोके, पानाय बेट, फिलिपिन्स
१४ जून १९९३

प्रिय आंपारो,

तुझा खोका पोचला. साबण छान आहेत, पण एकट्या म्हातारीला बारा साबण कशाला गं? मी काय रोज तीनदा आंघोळ करून मिरवायला जाते? आठ शेजारणींना वाटून टाकले. आता रविवारी मिस्साला अर्ध्या चर्चला तुझा वास येतो.

आता कामाचं लिहिते. परवा सिमेट्रीत गेले होते, तर तुझ्या बापाच्या कोनाड्यावर लाल फुली मारलेली. शेजारच्या तिघांवरही मारली आहे. पोन्सियानो माझा सख्खा भाऊ म्हणून सांगत नाही, पण तो जिवंत असता तर ब्रश हिसकावून त्या फुली मारणाऱ्यालाच रंगवला असता. फुली म्हणजे मुदत संपली. भिंतीतले हे कोनाडे पाच वर्षांसाठीच असतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या आईच्या वेळी जुन्या सिमेट्रीत जमीन मिळायची. ती सिमेट्री समुद्राने नेली, आईलाही नेलं, आणि आता अख्ख्या गावाला एकावर एक रचून भिंतीत ठेवतात. मागे कायम रांग असते, त्यामुळे मुदत वाढवून मिळत नाही.

ऑक्टोबर संपायच्या आत हाडं काढायला हवीत. आपण काढली नाहीत तर चर्चची माणसं काढतील आणि मागच्या मोठ्या खड्ड्यात टाकतील. तिथे नाव नाही, तारीख नाही, कोण कुणाच्या शेजारी पडलाय ते कुणाला माहीत नाही. आयुष्यभर कुणाशी पटलं नाही तुझ्या बापाचं, तिथे दोनशे जणांत कसं पटेल?

आणि हे नीट वाच. हाडं काढताना पोटचं लेकरू समोर लागतं. सही त्याची आणि पहिला हातही त्याचा. बहिणीचं चालत नाही. तू एकुलती एक, तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नाही. गावातल्या मयतांच्या घरी चाळीस वर्षं मी प्रार्थना सांगते आहे, त्यामुळे नियम मला विचार. चर्चच्या ऑफिसात नवी बाई आली आहे, तिला काही कळत नाही.

अर्जाचा कागद सोबत ठेवला आहे. ये.

तिया सालुद


हाँगकाँग
२ जुलै १९९३

प्रिय तिया,

कागद मिळाला. तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा काही कळला नाही. मला वाटायचं, पुरलं की पुरलं. तिथून माणसाला परत उठवतात हे मला माहीतच नव्हतं.

इंग्रजी मला येतं, दिवसभर तेच बोलते. पण ते ‘तोंड उघडा’ आणि ‘औषध गिळा’ एवढ्यापुरतं. हा कागद वेगळाच आहे. ‘निश’ म्हणजे भिंतीतला कोनाडा, एवढं तुझ्या पत्रावरून कळलं. पण ‘एक्झ्युमेशन’ काय असतं? ‘ऑस्युअरी’ दोनदा आलंय, एकदा नुसतं आणि एकदा पुढे ‘कॉमन’ लावून. त्यात फरक काय? आणि अगदी खाली ‘री-इंटरमेंट सर्व्हिस’ असं लिहून ‘हवी’ आणि ‘नको’ असे दोन चौकोन काढलेत. मी कुठल्या चौकोनात खूण करू? चुकीच्या चौकोनात केली तर ताताय खड्ड्यात जायचे. पेन हातात घेऊन बसते आणि परत ठेवून देते.

यायचं म्हणशील तर जमणार नाही. लाउ आजोबांचा आता उजवा हातही गेला. माझ्या हातून जेवतात, स्वतःच्या मुलीच्या हातून नाही. मिसेस लाउ म्हणतात, तू दोन तास बाहेर गेलीस तरी बाबा ओठ घट्ट मिटून घेतात. बघ कशी गंमत आहे, दुसऱ्याचा बाप माझ्याशिवाय जेवत नाही.

तूच कर ना तिया. तुला सगळं येतं. सही मी इथून करून पाठवते.

रविवारी इथल्या चौकात आपल्या बायका जमतात. पुठ्ठे अंथरून बसतात, पत्ते खेळतात, पान्सितच्या शेवया खातात. मी हल्ली जात नाही. सगळ्या आपापल्या मुलांचे फोटो काढून दाखवतात. माझ्याकडे दाखवायला तुझा एकच फोटो आहे आणि त्यातही तू फोटोवाल्यावर डाफरते आहेस. सुट्टीच्या दिवशी मी आजोबांच्या खोलीतच खुर्ची टाकून बसते. ते खिडकीकडे बघतात, मीही बघते. समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या आहेत.

आंपारो


सान रोके
१६ जुलै १९९३

इंदाय,

पोरी, डोक्यावर कावळा बसल्यासारखं तोंड करून कागद वाचू नकोस. एवढं अवघड काही नाही त्यात.

‘एक्झ्युमेशन’ म्हणजे सिमेंट फोडून शवपेटी बाहेर ओढायची आणि आत जे उरलंय ते काढून घ्यायचं. किंचाळू नकोस, सगळ्यांचंच होतं. पाच वर्षांत आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं. गेल्या मंगळवारी दोन्या कॉन्सोलासियोनला काढलं, मी होते तिथे. बाई जन्मभर अनवाणी हिंडली. मेल्यावर मुलींनी हौसेने नायलॉनचे मोजे चढवले. बाकी सगळं गेलं, मोजे जसेच्या तसे. मुली रडताना मध्येच हसायला लागल्या.

मग हाडं पुसून एका लहान पेटीत ठेवतात. ती पेटी ठेवायची जागा म्हणजे ‘ऑस्युअरी’. नुसतं लिहिलं असेल तर ती आपली स्वतःची. पावाच्या मोठ्या डब्याएवढा कोनाडा, वर नावाची फरशी, आणि तिथून पुढे कुणी हलवत नाही. ‘कॉमन’ लावलं की सगळ्यांचा मिळून एक खड्डा, चर्चच्या मागे, पपईच्या झाडाजवळ. झाकण उचलतात, पोतं रिकामं करतात, झाकण ठेवतात. मृतांच्या सणाला मी तिथेही एक मेणबत्ती लावते, पण कुणाचं नाव घ्यायचं ते सुचत नाही.

राहिली ती ‘सर्व्हिस’. छोटी पेटी आत सरकवायच्या आधी फादर येतात, पाणी शिंपडतात, दोन ओळी वाचतात. दहा मिनिटांत मोकळे. पण त्याआधी नऊ दिवस पेटी घरी मेजावर ठेवून प्रार्थना म्हणायची, हे कागदात छापलेलं नाही, तरी आपण करतो. तेव्हा ‘हवी’वर खूण कर.

मात्र खूण करून पोस्टात टाकलीस तर फुकट जाईल. परत सांगते, लेकराचा हात लागतो. हाडांना ओळखीचा हात लागला नाही तर ती पेटीत नीट बसत नाहीत, झाकण वर राहतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि लाउ आजोबांना चार दिवस मुलीने भरवावं. भूक लागली की माणूस तोंड उघडतो. तुझ्या बापाची मयत घरात होती ते चौदा दिवस मी काळ्या कॉफीवर आणि शेंगदाण्यांवर काढले, मेले का?

तिया सालुद


हाँगकाँग
१ ऑगस्ट १९९३

प्रिय तिया,

चौदा दिवस?

तेव्हाच्या पत्रात तू लिहिलं होतंस की पाचव्या दिवशी पुरलं, माणसं खूप होती, सगळं व्यवस्थित झालं. ते पत्र माझ्याकडे आहे. परवा परत काढून वाचलं. ‘पाचव्या’ असंच आहे, तुझ्याच अक्षरात. पत्रासोबत फोटोही होता, काच असलेल्या शवपेटीपाशी सगळे उभे राहून काढतात तसला. त्यात तू एकटीच उभी आहेस. मला तेव्हाच विचारायचं होतं की बाकीचे कुठे गेले. विचारलं नाही.

चौदा दिवस कशासाठी?

चर्चच्या ऑफिसला मी एक पत्र टाकलं आहे, पोस्टाने सही चालते का म्हणून. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण खड्ड्याचा विचार केला की मला घास जात नाही.

आंपारो


सान रोके
१४ ऑगस्ट १९९३

आंपारो,

इतकी जुनी पत्रं कुणी जपून ठेवतं का? मी तुझी सगळी ठेवली आहेत, पण माझी गोष्ट वेगळी, मला दुसरं काम नाही.

हो, चौदा. आता निसटलंच आहे हातून, तर ऐक. मी तुझी वाट बघत होते. परदेशातलं लेकरू येईपर्यंत आपल्यात कुणी झाकण लावत नाही, तुला माहीत आहे. मी तार केली, तू कळवलंस की रजा मिळत नाही. मला वाटलं, मिळेल. मालकिणी आधी नाही म्हणतात आणि मग विरघळतात. पहिला आठवडा घर भरलेलं होतं. अंगणात पत्त्यांची तीन टेबलं, आत बायका, चुलीवर कॉफीचं पातेलं उतरतच नव्हतं. मयत घरात असताना झाडू मारायचा नसतो, त्यामुळे शेंगांच्या टरफलांचा थर साचला. चाललं की पायाखाली कुरकुर वाजायचं.

आठव्या दिवशी, मयत टिकावी म्हणून, औषध भरणाऱ्याला परत बोलावलं. त्यानंतर माणसं कमी होत गेली. लावणीचे दिवस होते, त्यांचं तरी काय चुकलं? फादर म्हणाले, “सालुद, आता पुरे कर.” मी म्हटलं, “फादर, राजधानीहून बोट मंगळवारी आणि शुक्रवारी लागते. एवढा एक शुक्रवार बघू.” त्यांनी तेवढं ऐकून घेतलं. आधीच्या आणि या, दोन्ही शुक्रवारी मी इलोइलोच्या बंदरावर जाऊन उभी राहिले, शेवटचा माणूस उतरेपर्यंत.

तेराव्या दिवशी दुपारी जपमाळेला बसले. ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा भाग मी म्हणायचा आणि उरलेला जमलेल्यांनी, अशी रीत. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. मी माझा भाग म्हटला आणि सवयीने थांबले. घरात चिडीचूप. मग उरलेलाही मीच म्हटला. पन्नासच्या पन्नास वेळा दोन्ही भाग मीच म्हटले. इतकं एकटं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं, आणि समोर तर सख्खा भाऊ होता.

फोटो त्याच दिवशीचा आहे. फोटोवाला म्हणाला, “आणखी कुणी येणार आहे का?” मी म्हटलं, “काढ.”

तुला हे सांगून काय करायचं होतं? तू तिथे स्वयंपाकघरात एकटी बसून रडली असतीस. म्हणून पाच लिहिले.

आणि त्या ऑफिसच्या बाईला कशाला लिहिलंस? ती शहरातली, तिला इथल्या रीतीभाती काय ठाऊक? तिचं उत्तर आलंच तर फाडून टाक.

तिया सालुद


हाँगकाँग
२९ ऑगस्ट १९९३

तिया,

उत्तर आलं. मी फाडलं नाही.

त्या बाईंचे शब्द जसेच्या तसे उतरवते. ‘बहिणीची सही पूर्णपणे चालते. आपल्या आत्याबाईंनी जानेवारीतच अर्ज भरून दिला असून लहान कोनाडाही घेतला आहे. त्यावर नावाची फरशी बसवून झाली आहे. तरी काळजी नसावी.’

जानेवारीत! आणि जूनमध्ये तू मला खड्ड्याच्या गोष्टी लिहितेस. म्हणे लेकराचा हात लागतो, म्हणे झाकण वर राहतं. दोन महिने झाले, आजोबांना भरवताना माझ्या डोळ्यांसमोर ते पपईचं झाड आहे. तुला जराही लाज वाटली नाही? मेलेल्या माणसाला पुढे करून जिवंत माणसाला घाबरवायचं, हेच करत आलीस का चाळीस वर्षं?

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. पोस्टात टाकलं नाही. दोन दिवस उशाखाली राहिलं. मग वाटलं, मी कुठल्या तोंडाने बोलते आहे?

तिया, मला रजा मिळाली होती. तुझी तार आली त्याच संध्याकाळी मिसेस लाउंनी दहा दिवसांची रजा दिली, तिकीटही काढून दिलं. मी विमानतळावर गेले. बॅग घेऊन खुर्चीत बसले. विमान पुकारलं, परत पुकारलं, मग माझं नाव घेऊन पुकारलं. मी उठले नाही. पंच्याऐंशी साली बंदरावर ताताय काय म्हणाले होते ते तुला आठवतं, तू शेजारीच होतीस. “गेलीस तर परत माझं तोंड बघायला येऊ नकोस.” मला वाटलं, मी काचेवर वाकले आणि आत ते तसेच रागावलेले असले तर?

विमान गेल्यावर घरी परतले. मिसेस लाउंना सांगितलं, कळवलंय की पुरून झालं. तुला लिहिलं, रजा नाही. तू मला पाच दिवस लिहिलेस. पाच वर्षं आपण दोघी एकमेकींना जपत खोटं बोलतो आहोत. आणि तू बंदरावर एकेक माणूस उतरताना बघत उभी होतीस, हे मला आत्ता कळतं आहे. माझ्यासारखी नालायक मुलगी आणि नालायक भाची दुसरी नसेल.

एकच विचारते. तातायांनी ते शब्द नंतर कधी परत घेतले का? खरं सांग.

आंपारो


सान रोके
१० सप्टेंबर १९९३

आंपारो,

नाही घेतले.

घेतले असं लिहून टाकणं सोपं होतं. पण माझी खोटं बोलायची ताकद संपली. मी पाहिलं ते सांगते. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की होडीवर चाललेला तुझ्या बापाचा हातोडा थांबायचा. तुझं पत्र मी मोठ्याने वाचायचे, आणि तो पाठमोराच राहून ऐकायचा. वाचून झालं की विचारायचा, “संपलं?” मी हो म्हटलं की हातोडा परत सुरू. एवढंच. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव.

आता माझं. लाज वाटली, का नाही वाटणार? जानेवारीत अर्जावर सही केली तेव्हा ऑफिसातल्या बाईने विचारलं, “जवळचं आणखी कुणी?” मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या येतीलच ना त्या दिवशी?” तिने सहज विचारलं, आणि मला हो म्हणता आलं नाही. घरी येऊन ते डोक्यात घोळत राहिलं. जून उजाडेपर्यंत घोळलं आणि मग मी ते पत्र लिहिलं.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. तीन-चारशे घरांत तरी मयतीची प्रार्थना सांगितली असेल. प्रत्येक घरात परगावचं लेकरू येतं, काचेवर वाकतं, आणि डोळ्यातलं टिपूस काचेवर पडू नये म्हणून बायका त्याला मागे ओढतात. मी गेले की तूही येशील. या खेपेला विमानात बसशील, मला खात्री आहे. पण मला त्याचा काय उपयोग? मी तुला बघणार नाही. तू जाडी झालीस की वाळलीस, केस पिकले का, अजून डाव्या हाताने जेवतेस का, मला काही कळणार नाही. मला तू आत्ता हवी आहेस, मी बोलते आहे तोवर. आठ वर्षांत दर पत्राच्या शेवटी मी ‘ये’ लिहिलं, आणि तू दर वेळी साबण पाठवलेस. म्हणून शेवटी हाडं पुढे केली.

फुली मात्र खरी आहे. काढायचा दिवस २१ ऑक्टोबर, गुरुवार ठरला आहे. तू नाही आलीस तरी तुझा बाप खड्ड्यात जाणार नाही, मी एकटी काढीन. मला येतं सगळं.

तिया सालुद


हाँगकाँग
४ नोव्हेंबर १९९३

प्रिय तिया,

सुखरूप पोचले. लाउ आजोबा माझ्याविना व्यवस्थित जेवले, तुझंच खरं निघालं. मुलीच्या हातून सगळं खाल्लं म्हणे, वर पेजही मागितली. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

गुरुवारची सकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. सिमेंट फुटलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तू म्हणालीस, “उघड गं, लाकडासारखंच दिसतं.” आणि खरंच, तातायांच्या होडीखाली पडलेल्या तुकड्यांसारखं दिसत होतं सगळं. केवढे उंच होते ते, दारातून वाकून यायचे. आणि मी त्यांना मांडीवर घेऊन ट्रायसिकल रिक्षातून घरी आणलं. माझं तोंड बघायला येऊ नकोस म्हणाले होते. तोंड राहिलंच नव्हतं, तिया. मी त्यांचा शब्द मोडला नाही. हे मनात आलं आणि मला तिथेच हसू फुटलं. तुला वाटलं मी रडते आहे, तू पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मग खरंच रडू आलं.

चार दिवस मी तुझ्या हातचं जेवले, तुझ्या शिव्या खाल्ल्या, तुझ्या शेजारी चटईवर झोपले. तू घोरतेस.

पण एक गोष्ट सलते आहे, ती लिहून टाकते, नाहीतर परत पाच वर्षं मनात ठेवीन. रविवारी सकाळी मी निघाले. पेटी मेजावर, मेणबत्ती पेटलेली, आणि तू दाराकडे पाठ करून मुगाच्या शेंगा सोलत बसलेली. मी वाकून तुझा हात कपाळाला लावला. हात दिलास, पण वर बघितलं नाहीस. मी म्हटलं, “जाते तिया.” तू म्हणालीस, “हं.” आलीस ते बरं झालं, एवढंसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही. मी फाटकापाशी थांबले, बॅग खाली ठेवली, परत उचलली. जीप वळेपर्यंत मागे बघत होते. दार सताड उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं.

एवढं खोटं बोलून बोलावलंस आणि चार पावलं पोचवायला आली नाहीस. विमानतळावर मी केलं ते तू माफ केलं नाहीस, असंच ना? तसं असेल तर तसं लिही. तू चौदा दिवस उभी होतीस, तुला हक्क आहे.

आंपारो


सान रोके
१६ नोव्हेंबर १९९३

इंदाय,

खुळी आहेस का? घरात मयत होती.

मयत घरात असताना आलेल्याला दारापर्यंत पोचवत नाहीत. आभार मानत नाहीत, ‘बरं झालं आलीस’ म्हणत नाहीत. घरचं माणूस पोचवायला निघालं की मरणही उठून त्या पाहुण्याच्या मागे लागतं. सगळ्या गावाला हे मीच सांगत फिरते. तू म्हणशील, पाच वर्षांपूर्वी गेलेल्याची कसली आलीय मयत, पेटीत नुसती हाडं तर होती. फादरही तेच म्हणाले आणि हसले. असेल. पण पेटी मेजावर होती, मेणबत्ती जळत होती, नऊ दिवसांतला चौथा दिवस होता, आणि निघालेली तू होतीस. दुसरं कुणी असतं तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, हाडंच आहेत. तुझ्या बाबतीत माझा धीर झाला नाही.

आणि शेंगा मी सोलत नव्हते. सोलून झालेली टरफलंच हातात घेत होते आणि परत टाकत होते. वर बघितलं असतं तर उठले असते. फाटकाची कडी वाजली, मग बराच वेळ काही वाजलं नाही, तेव्हा कळलं की तू थांबली आहेस. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. मनात म्हणत होते, जा गं बाई, लवकर जा, नाहीतर मी येते. जीप गेल्याचं ऐकलं तेव्हा कुठे उठले. दार लावायचंही राहून गेलं, दुपारी कोंबडी आत येऊन मेजाखाली बसली.

उरलेल्या दिवसांच्या प्रार्थना झाल्या. नवव्या दिवशी फादरांनी पाणी शिंपडलं, पेटी आत गेली. येताना पेरूच्या पाल्याच्या पाण्याने हात धुतले, घरी येऊन सगळं घर झाडलं. चटईखाली तुझी केसांची पिन सापडली. ती माझ्या डोक्यात लावली आहे, परत मिळणार नाही.

माफीचं विचारलंस. बंदरावर उभी राहिले त्याचा मला राग आहे. तो जाईल असं वाटत नाही आणि मी घालवायच्या मागेही नाही. आपल्या माणसाचा राग घरात असला म्हणून काही बिघडत नाही. पण मी पोचवायला आले नाही ते त्या रागाने, असं पुन्हा मनात आणलंस तर कान पिळीन.

आता घरात मयत नाही. मी आहे आणि कोंबड्या आहेत. अशात ये, काही काम नसताना, उगाच. मग बघ मी पोचवते की नाही. फाटकापर्यंतच कशाला, जीपमध्ये तुझ्या शेजारी बसून इलोइलोपर्यंत येईन. विमानतळावर शिपायाने अडवलं तर त्याच्याशी भांडेन. ‘आलीस ते बरं झालं’ असं सगळ्या लोकांसमोर दहा वेळा म्हणेन, तुला लाज वाटेपर्यंत. पण फार लांबवू नकोस. मला खुर्चीतून उठता येतंय तोवर ये.

तिया सालुद